मुळा उपटून बघू द्या: लहान मुलांना जमिनीखालची भाजी कशी वाढते ते शिकवताना

टोमॅटो किंवा भेंडी मुलांना शिकवायला सोपी. फूल दिसतं, फुलाच्या जागी बारीकसं फळ दिसतं, ते रोज थोडं मोठं होताना दिसतं. मुळा, गाजर आणि बीट यांचं सगळं नाटक पडद्यामागे चालतं. वर नुसती पानं हलताना दिसतात, आणि पाच वर्षांच्या मुलाला पानांत किती दिवस रस राहणार? आठवड्याभरात ते कुंडीकडे फिरकेनासं होतं, नाहीतर कुणाचं लक्ष नाही असं बघून रोप उपटून मोकळं होतं.

मग आपण ओरडतो. माझ्या मते तिथेच चुकतं. ‘खाली काय चाललंय’ हे बघावंसं वाटणं हाच तर या धड्याचा गाभा आहे. तेव्हा उपटायला मनाई करू नका; जास्त बिया पेरा आणि ठरवून, दर आठवड्याला थोडी थोडी रोपं उपटा. पुढचा सगळा बेत याच एका गोष्टीभोवती रचलेला आहे. साधारण चार ते आठ वर्षांच्या मुलांसाठी तो चालतो, आणि शिकवणाऱ्याने आधी कधी कुंडीत बोटही घातलेलं नसलं तरी अडत नाही.

सुरुवात कागदापासून

बी, माती, काहीही आणायच्या आधी मुलांना कागद द्या आणि सांगा: गाजराचं झाड काढ. एवढंच सांगायचं. मदत करायची नाही, ‘जमीन कुठे आहे?’ असं सुचवायचंही नाही. कुणी गाजरं फांदीला लटकवेल, कुणी जमिनीवर आडवी पसरेल, कुणी बरोबर जमिनीत काढेल पण पानं विसरेल. काही मुलं एका झाडाला खाली चार-पाच गाजरं काढतात. हे चित्र फार बोलकं असतं, कारण एका बीपासून एकच गाजर होतं हे कित्येक मोठ्या माणसांच्याही लक्षात आलेलं नसतं.

चित्र दुरुस्त करू नका. मागे नाव आणि तारीख लिहून जपून ठेवा. सगळं झाल्यावर तेच मूल पुन्हा चित्र काढेल, तेव्हा ते काय शिकलं हे तुम्हाला दोन कागद शेजारी ठेवून कळेल. तोंडी परीक्षा घ्यायची गरज उरणार नाही.

पहिल्यांदा मुळाच का

मुलांना गाजर जास्त आवडतं, म्हणून बहुतेक जण गाजरापासून सुरुवात करतात. तो मोह टाळा. गाजराचं बी उगवायलाच एक ते तीन आठवडे घेतं आणि गाजर भरायला अडीच-तीन महिने लागतात. लहान, गोल, लाल मुळ्याचं बी तीन ते पाच दिवसांत वर येतं आणि जात लवकर येणारी असेल तर मुळा २५ ते ३० दिवसांत तयार होतो. लहान मुलाची वाट बघण्याची ताकद तेवढीच असते. शिवाय मुळ्याचं बी चांगलं जाड असल्यामुळे इवल्या बोटांनाही एकेक करून उचलता येतं. गाजराचं बी बोटाला चिकटतं आणि फुंकरीने उडतं.

मुळा झाला की मग दुसऱ्या फेरीत बीट आणि गाजर घ्या. लांब पांढरा मुळाही चालतो, पण त्याला दीड-दोन महिने आणि खोल डबा लागतो.

एक गोष्ट मात्र हवेची आहे. मुळा थंडीचा गडी. साधारण १० ते २० अंश सेल्सिअस तापमानात तो छान भरतो; कडक उन्हाळ्यात पेरला तर बारीकच राहतो आणि सरळ फुलोऱ्यावर जातो. तुमच्याकडे जो थंड हंगाम असेल तो बघून बेत करा.

बी आणताना पाकीट नीट बघा. काही बियांना गुलाबी, निळा किंवा हिरवा लेप असतो. तो बुरशीनाशकाचा असू शकतो. असं बी मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही. साधं, तपकिरी, प्रक्रिया न केलेलं बी मागून घ्या.

मातीच्या आधी बरणी

पेरणीच्या आठवडाभर आधी हा प्रयोग लावा. एक रुंद तोंडाची काचेची बरणी, आतून काचेला लावायला टिपकागद किंवा जाडसर टिश्यूचे दोन-तीन पदर, आणि मधली जागा भरायला चुरगळलेला कागद. सगळं ओलं करायचं, तळाला बोटभर पाणी ठेवायचं. मग काच आणि टिपकागद यांच्या मध्ये, पाण्याच्या बऱ्याच वर, मुळ्याच्या सात-आठ बिया बसवायच्या. मुद्दाम वेगवेगळ्या बाजूंना तोंड करून बसवा: एक आडवी, एक उलटी, एक तिरकी. मुलांना विचारा, मूळ कोणत्या बाजूला येईल?

दोन-तीन दिवसांत बी फुटतं. आधी येतं ते मूळ. पान नंतर. बी कसंही बसवलेलं असो, मूळ वळून खालीच जातं.

थोड्याच वेळात मुळाच्या टोकाच्या जरा वर पांढरी लव दिसायला लागेल, कापसाच्या धाग्यासारखी. बहुतेक मोठी माणसं इथे ‘अरे, बुरशी लागली’ म्हणून बरणी फेकून देतात. फेकू नका. ती मुळावरची सूक्ष्म केसं आहेत आणि पाणी ओढण्याचं मुख्य काम तीच करतात. खात्री करायची असेल तर वरून पाण्याचा हलका फवारा मारा: केसं भिजून मुळाला चिकटतात आणि दिसेनाशी होतात, थोडं सुकलं की पुन्हा दिसतात. बुरशी असेल तर ती मुळापुरती न राहता कागदावरही जाळ्यासारखी पसरते. भिंग असेल तर मुलांच्या हातात द्या आणि दहा मिनिटं काही बोलू नका.

मुळं दोन-तीन सेंटीमीटर झाली की तळाचं पाणी ओतून टाका आणि बरणी आडवी ठेवा. कागद ओला राहील एवढं बघा. दुसऱ्या दिवशी मुळाचं टोक पुन्हा जमिनीच्या दिशेने वळलेलं दिसेल. नीट बघितलं तर वळण टोकाजवळच असतं. आधी वाढलेला भाग जिथे होता तिथेच राहतो. म्हणजे मूळ टोकाकडून वाढतं, हे न सांगता कळतं.

मुळाला ‘खाली’ कुठे आहे हे कसं समजतं? मूल हा प्रश्न विचारणारच. मुळाच्या टोकावरच्या टोपीत पिष्टाचे जड कण असतात. ते पेशीत ज्या बाजूला बसतात ती खालची बाजू. मुलाला एवढं पुरे. तुमच्या माहितीसाठी आणखी थोडं: थॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज बागायतज्ज्ञाने १८०६ साली पाण्यावर फिरणाऱ्या चाकाला उगवतं बी बांधून ते वेगाने फिरवत ठेवलं. मुळं चाकाच्या बाहेरच्या बाजूला वाढली, कोंब मध्याकडे. वेगाने फिरताना वजनाची ओढ बाहेरच्या बाजूला लागते, आणि मूळ तिच्याच मागे गेलं. मूळ ओल शोधत खाली जातं असं नव्हे, त्याला ओढ लागते ती वजनाची, हे त्यातून दिसलं.

डबा, माती, पेरणी

गोल मुळ्याला १५ सेंटीमीटर खोल माती पुरते, गाजराला आणि लांब मुळ्याला ३०. साठ सेंटीमीटर लांब आणि वीस रुंद असा डबा मिळाला तर त्यात मुळ्याची तीसेक रोपं आरामात बसतात. तळाला भोकं हवीतच. दिवसाचं पाच-सहा तास ऊन येईल अशी जागा बघा. सावलीतला मुळा नुसता पाला होतो.

मातीत निम्मी साधी माती आणि उरलेल्यात वाळू व पूर्ण कुजलेलं कंपोस्ट घ्या. गाजरासाठी वाळू जरा जास्त. माती चाळून घ्यायची आणि हे काम मुलांकडूनच करून घ्यायचं, कारण ढेकळं आणि खडे त्यांच्या हाताला लागले की पुढे दोन टोकं फुटलेलं गाजर बघून कारण त्यांना आपोआप उमगतं. ताजं शेणखत घालू नका. त्याने पाला माजतो, गाजराला फाटे फुटतात, आणि कच्च्या खायच्या भाजीसाठी ते आरोग्याच्या दृष्टीनेही बरं नव्हे.

पेरताना खोलीचं माप मुलाच्या बोटावरच आहे: मुळ्याचं बी नख बुडेल इतकं खोल, गाजराचं त्याच्या निम्मं. दोन बियांत चार-पाच सेंटीमीटर अंतर. मुलं मूठभर बी एका खड्ड्यात टाकतात, त्याला एक उपाय आहे. आदल्या दिवशी टिश्यूची लांब पट्टी कापा, तिच्यावर कणीक आणि पाण्याच्या खळीचे ठिपके अंतराअंतराने द्या आणि प्रत्येक ठिपक्यावर एक बी चिकटवायला सांगा. वाळली की पट्टी तशीच मातीत ठेवून वर माती लोटायची. कागद विरघळतो, बी जागेवर राहतं. गाजरासाठी तर ही पट्टी करायलाच हवी.

गाजर, मुळा कधीही दुसरीकडे उगवून मग इथे आणून लावू नका. उपटताना सोटमुळाचं टोक तुटलं की सरळ गाजर विसरा.

पाणी घालायला तांब्या नको, बी वाहून जातं. बारीक छिद्रांची झारी किंवा झाकणाला भोकं पाडलेली बाटली द्या. माती ओलसर राहायला हवी, चिखल नको. आणि हो, दहा-बारा दिवसांनी दुसऱ्या छोट्या डब्यात थोडं बी आणखी पेरून ठेवा. पहिल्या डब्याचं काही बरंवाईट झालं तर हा हाताशी असतो.

विरळणी आणि अश्रू

मुळ्याची पहिली दोन पानं पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची असतात. खरी, खरखरीत पानं त्यानंतर येतात. या सुमारास दाटीची रोपं काढावी लागतात. मुलांना हे आवडत नाही. ‘मग ती मरणार?’ असं विचारतात. खोटं सांगू नका. हो म्हणा, आणि मग प्रयोग म्हणून एक कोपरा तसाच दाट ठेवा. विरळणी केलेल्या आणि न केलेल्या भागातले मुळे महिन्याने शेजारी ठेवले की उत्तर समोर असतं.

काढायची रोपं उपटण्यापेक्षा कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्याचं मूळ हलत नाही. बीटच्या बाबतीत विरळणी टळतच नाही, कारण बीटचं जे खडबडीत ‘बी’ आपण पेरतो तो बियांचा गुच्छ असतो आणि त्यातून बहुतेक वेळा दोन-तीन रोपं एकाच जागी येतात. मुलांना हे आधी सांगू नका. ‘मी तर एकच पेरलं होतं!’ ही तक्रार घेऊन त्यांना तुमच्याकडे येऊ द्या.

आता उपटा

रोपं वर आल्यापासून आठवड्याचा एक वार ठरवा. त्या दिवशी प्रत्येक वेळी तीन रोपं. एक पुरत नाही, कारण एखादं नेमकं रोडावलेलं निघतं. माती आधी भिजवून घ्या, मुलाला रोप बुडाशी धरून हळूच ओढू द्या. धुवा. पांढऱ्या कागदावर ठेवून पेन्सिलीने बाहेरून रेघ मारा, तारीख घाला. जाडी मोजायला दोरा: मुळ्याभोवती एक वेढा घ्यायचा, कापायचा आणि कागदावर उभा चिकटवायचा. मोजपट्टी न येणाऱ्या मुलालाही दोऱ्यांची वाढत जाणारी उंची वाचता येते.

पहिल्या आठवड्यात खाली फक्त एक बारीक पांढरा धागा असतो. मुलांचा इथे हमखास विरस होतो. ‘मुळा कुठाय?’ सांगा, पुढच्या आठवड्यात बघू, आणि तोवर अंदाज काढायला लावा: तो लांब होईल की जाड?

दुसऱ्या आठवड्यात धागा बराच लांब झालेला असतो आणि वरच्या टोकाला किंचित लाली आणि जाडी आलेली असते. याच वेळी एक मजेशीर गोष्ट दिसते. आतून भाग फुगायला लागतो, पण बाहेरची साल त्याच्याबरोबर ताणत नाही. ती उभी फाटते आणि तिच्या दोन पातळ चिंध्या मुळ्याच्या खांद्यावर लोंबतात. रोपाला रोग झाला असं वाटून घाबरू नका. तिसऱ्या आठवड्यात गोटी, चौथ्यात पूर्ण मुळा. हवा आणि ऊन यांप्रमाणे आठवडाभर पुढे-मागे होईल.

चारही कागद भिंतीवर ओळीने लावले की मूल स्वतःच सांगतं: आधी खाली गेला, मग जाड झाला. मुळा आधी खाली घुसतो, मगच जाड होतो, हे वाक्य तुम्ही शिकवलं असतं तर ते दुसऱ्या दिवशी विसरलं असतं.

मोठ्या मुलांना आणखी एक निरीक्षण द्या. गोल मुळ्याची बारीक शेपटी बघा: तिच्यावर दोन बाजूंनी बारीक मुळं फुटलेली दिसतात. फुगलेला गोल भाग मात्र बहुतेक गुळगुळीत. कारण तो गोळा बराचसा खोड आणि मूळ यांच्या मधल्या सांध्याचा बनलेला आहे, खरं मूळ शेपटीकडे आहे. म्हणून तर गोल मुळा भरताना मातीतून डोकं वर काढतो. गाजराचं तसं नाही. त्याच्या अंगावर खालपर्यंत ज्या आडव्या बारीक रेघा दिसतात, त्या बाजूची मुळं फुटण्याच्या जागा आहेत.

दोन उपटण्यांच्या मधल्या दिवसांत ज्यांना राहवतच नाही त्यांच्यासाठी खिडकीचा डबा करता येतो. पारदर्शक प्लास्टिकच्या चौकोनी डब्यात माती भरायची, बी एका भिंतीच्या अगदी जवळ पेरायचं आणि ती भिंत जरा खालच्या बाजूला येईल असा डबा कलता ठेवायचा. मुळं खाली जाताना भिंतीला टेकून वाढतात. बाहेरून काळा कागद लावा आणि बघतानाच तेवढा काढा. उजेड मिळाला की मुळं भिंतीपासून दूर पळतात आणि भिंतीवर शेवाळ धरतं.

मुळा माती खातो का?

बहुतेक मुलांना, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच मोठ्यांनाही, वाटतं की मूळ माती खाऊन मोठं होतं. या समजुतीला धक्का द्यायचा तर पानांकडे वळावं लागतं. पान हे स्वयंपाकघर आणि मूळ हे कोठार: पानात ऊन, हवा आणि पाणी यांपासून साखर तयार होते आणि उरलेली खाली साठवली जाते. सांगून हे पटत नाही. करून बघा.

दुसऱ्या आठवड्यात सारखी दिसणारी सहा रोपं निवडा. तिघांच्या शेजारी काडी रोवून खूण करा. या तिघांची मधली इवली पालवी ठेवून बाकीची खरी पानं कापा आणि पुढेही दर आठवड्याला कापत राहा. पाणी, ऊन, माती सहाही रोपांना सारखीच. काढणीच्या दिवशी सहाही उपटा आणि शेजारी ठेवा. पानं गमावलेल्या रोपांचे मुळे बारीक राहिलेले दिसतील. माती तर दोघांनाही तेवढीच होती, मग हा बारीक का? हा प्रश्न टाका आणि गप्प बसा.

सतराव्या शतकात यान बाप्टिस्टा व्हान हेल्मोंट या फ्लेमिश (म्हणजे आजच्या बेल्जियममधल्या) वैद्याने याच शंकेचं उत्तर शोधलं होतं. भट्टीत वाळवलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो माती त्याने कुंडीत भरली, विलो नावाच्या झाडाचं पाच पौंडांचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांवर गेलं. माती पुन्हा वाळवून तोलली तर सुमारे दोन औंसच कमी भरली, म्हणजे साठ ग्रॅमच्याही आत. त्याचं हे लिखाण त्याच्या मृत्यूनंतर, १६४८ साली छापलं गेलं. सगळं झाड पाण्यातून आलं असा निष्कर्ष त्याने काढला, तो अर्धवट होता. हवेचा वाटा नंतर उमगला. पण माती खाऊन झाड वाढत नाही हे त्याच्या तराजूने दाखवलं. सात-आठ वर्षांच्या मुलांना ही गोष्ट फार आवडते, विशेषतः तो पाच वर्षं थांबला हा भाग.

जमिनीखालचं सगळंच मूळ नसतं

एखाद्या दिवशी टेबलावर गाजर, मुळा, बीट, रताळं, बटाटा, कांदा आणि आलं मांडा. मुलांना म्हणा, यात मूळ कोण आणि तोतया कोण ते ओळखा.

बटाटा पहिला पकडला जातो. त्याच्या प्रत्येक डोळ्यात टूथपिक टोचायला सांगा. बटाटा फिरवून बघितला की टूथपिका वाट्टेल तशा नसून गोल जिन्यासारख्या चढत गेलेल्या दिसतात आणि एका टोकाला दाटी होते. डोळा म्हणजे कळी, कळ्या फांदीवर असतात, म्हणजे बटाटा हे फुगलेलं खोड. आल्याच्या अंगावरची वलयं आणि कोंब हीच साक्ष देतात. कांदा उभा कापला की तळाला चपटी चकती दिसते, ते खोड. पाकळ्या म्हणजे पानांचे जाडजूड बुंधे. मुळं म्हणजे चकतीखालची मिशी.

रताळं मात्र बटाट्यासारखं दिसून खरं मूळ निघतं. त्याच्यावर असे शिस्तीत डोळे सापडत नाहीत. ते अर्धं पाण्यात बुडेल असं ग्लासच्या तोंडावर काड्यांनी अडकवून उबदार जागी ठेवा. काही आठवड्यांत खालून मुळं आणि वरून वेलाचे कोंब फुटतात. वेलाच्या बाजूचं टोक वर ठेवलं तर लवकर फुटतात. पाणी दोन-तीन दिवसांनी बदला, नाहीतर वास सुटतो.

भुईमुगाची शेंग या टेबलावर ठेवायची की नाही हे तुमच्यावर. ती मूळ नाही, खोडही नाही: फूल जमिनीवर येतं, मग त्याचा दांडा खाली वाकून मातीत शिरतो आणि तिथे शेंग भरते. लहान मुलांचा गोंधळ उडतो, मोठी मुलं हरखतात.

बीट आडवं कापलं की आतली वलयं बघून एखादं हुशार मूल ती मोजून बीटचं वय सांगू लागेल. झाडाच्या खोडात तसं चालतं, बीटमध्ये नाही. ही सगळी वलयं एकाच हंगामात तयार होतात.

गाजराचं शेंडीचं टोक

गाजराचा वरचा तुकडा बशीत पाण्यात ठेवला की आठवड्याभरात हिरवी पानं फुटतात. प्रयोग सोपा, दिसायला छान, म्हणून सगळीकडे करतात. पण ‘बघ, नवीन गाजर येतंय’ असं सांगतात ते चूक आहे. कापलेल्या तुकड्याला खाली नवीन गाजर कधीच येत नाही. त्या टोकाला थोडं खोड आणि कळ्या असतात. तुकड्यात साठलेल्या अन्नावर त्या वाढतात. मुलांना तुकडा दर दोन दिवसांनी दाबून बघायला सांगा. पानं वाढतात तसा तो मऊ आणि सुरकुतलेला होत जातो. कोठार रिकामं होताना बघायला याहून सोपा प्रयोग नाही, तेव्हा तो करा, फक्त आश्वासन बरोबर द्या.

काही बिघडलंच तर

पाला भरपूर आणि खाली काहीच नाही: ऊन कमी, दाटी जास्त, किंवा खताचा मारा. मुळा तडकला तर पाणी कधी खूप, कधी अजिबात नाही असं झालेलं असतं. आत पोकळ, जाळीदार निघाला तर काढायला उशीर झाला. पानांना टाचणीएवढी भोकं पडली तर बारीक उड्या मारणारे भुंगेरे आहेत. मुळ्याचं फारसं बिघडत नाही, औषध मारू नका, मुलांना ते किडे शोधायला लावा. फाटे फुटलेलं गाजर फेकू नका, त्याच्यासारखं वर्गाचं लाडकं दुसरं कुणी होत नाही. खडा कुठे लागला असेल ते त्याच्यावर बोट ठेवून दाखवायला सांगा.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टी टाळता येणार नाहीत. मातीत काम झालं की साबणाने हात. बटाट्याचा पाला, कोंब आणि हिरवा पडलेला बटाटा विषारी असतो, चाखायचा नाही. चार-पाच वर्षांच्या आतल्या मुलांना कच्च्या गाजराचे किंवा मुळ्याचे जाड गोल तुकडे देऊ नका, घशात अडकतात. किसून किंवा अगदी पातळ चकत्या करून द्या.

काढणी आणि नंतर

गोल मुळ्याचे खांदे मातीवर दिसू लागले आणि ते मोठ्या गोटीहून जाड झाले की काढा. उपटल्यावर पानं लगेच कापून वेगळी करा, नाहीतर ती मुळ्यातलं पाणी ओढत राहतात आणि मुळा मऊ पडतो. चव सगळ्यांनी घ्यायची, पण ‘आवडला ना?’ असं विचारू नका. ‘कसा लागतो?’ विचारा. ‘तिखट, थुंकलो’ हेही उत्तरच आहे. दुसरं चित्र त्याच दिवशी काढून घ्या आणि पहिल्या चित्राशेजारी लावा.

दोन मुळे जमिनीतच ठेवा. हवा गरम होत गेली की मधून दांडा उंच वाढतो, त्याला चार पाकळ्यांची पांढरी किंवा जांभळट फुलं येतात, मग टोकदार शेंगा. शेंगा झाडावरच पूर्ण वाळू द्या. फोडल्या की आत तेच तपकिरी बी निघतं, जे मुलांनी आधी पेरलं होतं. या वेळी राहिलेला मुळा उपटून दाखवा: लाकडासारखा झालेला असतो, कारण साठवलेलं सगळं फुलांवर आणि बियांवर खर्च झालेलं असतं.

गाजराच्या आणि बीटच्या बियांचं मात्र वचन देऊ नका. ही दोन्ही झाडं पहिल्या हंगामात नुसतं साठवतात, मध्ये थंडीचा काळ घेतात आणि बहुधा दुसऱ्या वर्षीच फुलतात. तेवढा वेळ कुंडी अडवून ठेवायची तयारी असेल तर एक गाजर ठेवा, आणि तारीख लिहिलेली पाटी कुंडीत रोवा.